एक बेट कमी

"बेट कुठंय?" संग्राहकाने तिसऱ्यांदा विचारलं.

नव्या देशाचा पहिलावहिला नकाशा दुरुस्त होऊन आजच परत आला होता. शेजारी दुरुस्तीआधीचा फोटो. फोटोत दक्षिणेला बेट होतं, नकाशात नुसता निळा समुद्र.

"अस्सल दाबला आणि नक्कल माझ्या गळ्यात मारली. मंडळाला सकाळीच तक्रारीचं पत्र टाकलंय."

दुरुस्तीवाल्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांची सगळी कामं या संग्राहकांच्या मंडळाकडूनच यायची. ती थांबली की कारखान्याला कुलूप.

संग्राहकाने बोलावलेल्या गुप्तहेर अक्कांनी भिंग काढलं. त्यांचा धाकटा भाऊ, भूगोलाचा निवृत्त मास्तर, मागून डोकावला. जन्मभर नकाशे शिकवले आणि इथे डोकं चालेना. त्याला स्वतःचाच राग येत होता.

"बेट देशात सामील झालं ते देश स्थापन झाल्यावर दोन महिन्यांनी," तो पुटपुटला. "परीक्षेत हमखास विचारायचो."

कोणी लक्ष दिलं नाही.

मग तो नकाशावर वाकला. "अक्का, बेटाच्या जागी निळा चौकोन गडद आहे. रंग ताजा दिसतो."

"डोळे चांगले आहेत तुझे. डोक्याचं बघू."

नकाशाला पूर्वी चौकट बसवून देणाऱ्या चौकटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "कोपऱ्यातला गंजाचा डाग माझ्या जुन्या चौकटीतल्या खिळ्यावर तंतोतंत बसतो."

"म्हणजे कागद जुना आणि रंग नवा?" मास्तर वैतागला.

अक्का बाईंकडे वळल्या. "पाण्यात ठेवला होता?"

"दोन तास. मागचं कापड चिकटवलेली जुनी खळ सुटावी लागते. मग टिपकागदांत दाबला."

"आणि बेट गेलेलं दिसलं नाही?"

"मी फाटलेलं बघते हो, छापलेलं नाही."

तासाभरात सगळे कारखान्यात होते. अक्कांनी वाळत घातलेले टिपकागद एकेक उलटले. चौथ्याला एक पातळ चौकोन चिकटला होता. त्यावर बेट.

"डाग सांगतो, कागद तोच," अक्का म्हणाल्या. "रंगही तोच. बाकीचा समुद्र उन्हाने विटला, हा चौकोन झाकलेला होता म्हणून टिकला. नकाशा छापला तेव्हा बेट देशात नव्हतं, म्हणून तिथे नुसता समुद्र छापला. ते आल्यावर पुन्हा छापण्याऐवजी वरून तुकडा डकवला. खळ सुटली, बेट निघालं. मास्तरने उत्तर केव्हाच दिलं होतं."

"मला का नाही कळलं मग?" मास्तर म्हणाला.

संग्राहक खाली बघत होता. "लगेच डकवून द्या. पत्राचं बघतो मी सवडीने."

बाईंनी चौकोन अलगद सोडवून स्वतःपुढे ठेवला आणि कोरा कागद त्याच्याकडे सरकवला.

"आधी पत्र लिहा. मग मी खळ शिजवते."