एकेचाळिसावी पिशवी

“बियाणे संग्रहातील सर्व एकेचाळीस पिशव्यांतील भात उंदरांनी फस्त केला आहे. सबब वनस्पतिशास्त्र विभाग स्वतंत्र ठेवण्याचे प्रयोजन उरलेले नसून, त्याचे कृषिव्यवसाय विभागात विलीनीकरण करावे.”

अहवालावर अधिष्ठाता डॉ. भगवंत थोरवे यांची सही होती. नारायणगावजवळच्या त्या विद्यापीठात निष्कर्ष आधी निघत, कारणे मागाहून नेमली जात.

खासगी तपासनीस तेजस्विनीने भोके पडलेल्या पिशव्या एकेक करून उलट्या झटकल्या. काहीच पडले नाही.

“उंदीर दाणा खातो, टरफल टाकतो,” ती म्हणाली.

“फार भुकेला असेल,” तिचा सहकारी समर्थ म्हणाला.

“आणि जाताना लेंड्याही गोळा करून घेऊन गेला?”

तिला बोलावणाऱ्या विभागप्रमुख इंद्रायणीबाईंनी नोंदवही पुढे केली. नोंदी चाळीस होत्या. “एकेचाळीस कुठून आले, मलाही कळत नाही. दुपारी विद्या परिषदेत मतदान आहे. त्यानंतर हा विभाग नसेल.”

शिपाई दादाभाऊ खाकरले. “मॅडम रजेवर व्हत्या तवा अंबाबाईंनी एक पिशवी आनली. मी फळीवर ठिवली. चिठ्ठी न्हाई, नोंद न्हाई. कुनाला बोललो बी न्हाई.”

भीमाशंकरच्या डोंगरातून आलेल्या अंबाबाई दाराशीच बसल्या होत्या. “औंदा डुकरांनी वावर लोळवलं, बाई. पायलीभर भात वाचला. घरी ठिवला तर पोरं खातील, म्हनून हितं दिला. आता पेरायला दाना न्हाई. लई वासाचं बी व्हतं. शिजलं की वाडीभर कळायचं.”

थोरवे आपल्या दालनात डबा उघडून बसले होते. समर्थने नाक वर केले. “साहेब, बासमती का?”

“गावाकडचा आहे. बोला.”

“संग्रह आपण पाहिला होता?” तेजस्विनीने विचारले.

“त्या खोलीत मी पाऊलही ठेवलेले नाही. आकडा नोंदवहीतून घेतला.”

दुपारी मतदानाआधी तेजस्विनी विद्या परिषदेसमोर उभी राहिली.

“टरफल नाही, म्हणजे उंदीर नाही. भात माणसाने नेला. नोंदवही चाळीस सांगते. एकेचाळीस हा आकडा फक्त त्या खोलीत जाऊन पिशव्या मोजणाऱ्याला मिळतो. साहेब तर तिथे गेलेच नव्हते.” ती थोरव्यांकडे वळली. “आता एवढेच सांगा, डब्यातला भात कोणत्या गावचा?”

मागच्या बाकावर अंबाबाई पदर सावरून पुढे झुकल्या.

थोरव्यांचे उत्तर इतिवृत्तात शब्दशः आहे:

“चाळीस वाण माझ्या घरी, वेगवेगळे बांधून, सुरक्षित ठेवले आहेत. मला फक्त विभाग बंद करायचा होता. एकेचाळिसाव्या पिशवीवर चिठ्ठी नव्हती. कोणाचा तरी घरचा भात असेल असे वाटले, म्हणून गिरणीतून भरडून आणला. आज शेवटचा डबा होता.”