चौथे पदक

"आता उघडा डोळे, बाबा!" असे म्हणत सुनेने वाढदिवसाच्या भेटीवरचा कागद ओढला, आणि काचेच्या चौकटीत मखमलीवर ओळीने लावलेली आपली पदके पाहून त्या पंचाहत्तरी गाठलेल्या निवृत्त लष्करी अभियंत्याचे काळीज हरखले... आणि दुसऱ्याच क्षणी चरकले! पदके चार होती. सैन्याने त्यांना दिली होती तीन.

तिन्ही साधी, युद्धकाळात त्या त्या आघाडीवर सेवा केलेल्या प्रत्येकाला मिळणारी. चौथे मात्र शौर्याचे होते.

"हे कुठून आणलंस रे?" त्यांनी मुलाला विचारले.

"जुन्या वस्तूंच्या दुकानातून." मुलाने नजर चुकवली. "तासाभरात पाहुणे येतील. तुम्हाला शौर्यपदक मिळालंय, असं आमच्या साहेबांना मी सांगून बसलोय, बाबा! तुम्ही काही बोलू नका. नुसते गप्प बसा... माझ्यासाठी!"

"तुझ्यासाठी?"

"छावणीतल्या शाळेत पोरं चिडवायची मला. याच्या बाबांची पदकं म्हणजे हजेरीची पदकं! सगळ्यांचे बाबा लढले, तुम्ही पूल बांधून परत आलात... मला काय वाटत असेल तेव्हा?"

वृद्धाच्या अंतःकरणात कळ उठली. या लेकराची पहिली पावलेसुद्धा त्यांनी पत्रातूनच वाचली होती. आयुष्यभर त्याच्या वाट्याला आपण आलो तरी किती? आज तो मागतो आहे केवळ एका संध्याकाळचे मौन... द्यावे का? ओठ मिटून घ्यावेत, असे त्यांनी जवळजवळ ठरवलेच होते.

पण तपासल्याशिवाय कोणतीही वस्तू ताब्यात घ्यायची नाही, ही हाडीमासी खिळलेली सवय. त्यांनी पेचकसाने चौकटीची पाठ उघडली, चौथे पदक काढून भिंगाखाली धरले आणि त्याची कड न्याहाळली.

"वाच."

मुलाने वाचले. सैन्य क्रमांक, शिपाई हा हुद्दा, आणि एका परक्या माणसाचे कोरलेले नाव. त्याचा आवाज खाली आला. "हा... कोण?"

"मला ठाऊक नाही. पण जीव धोक्यात घातला तो त्यानं. याच्या घरच्यांनी काळजावर दगड ठेवून हे विकलं असेल, नाहीतर चोरीला गेलं असेल. माझं जे जे आहे ते तुझंच रे, बाळ! पण जे माझं नाहीच, ते तुला कसं देऊ?"

"चुकलो, बाबा!" म्हणत चाळिशीचा तो मुलगा वडिलांच्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देऊ लागला. त्यांचा हात त्याच्या पाठीवरून फिरत राहिला.

"बरं, आता तोंड धुऊन या," डोळे पुसत सून नवऱ्याला म्हणाली, "नाहीतर साहेबांना वाटायचं, वाढदिवस तुमचाच आहे आणि भेट पसंत पडली नाही!"

पाहुणे आले. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मुलाने, कुणी विचारण्याआधीच, सारे खरे सांगून टाकले आणि त्या शिपायाच्या घरच्यांचा शोध कसा घ्यावा, असे विचारले. साहेबांनी हातातली बशी खाली ठेवली, चष्मा लावला आणि तो क्रमांक उतरवून घेतला.

मग मुलाने आपली खुर्ची वडिलांच्या खुर्चीला भिडवली. उरलेल्या तीन पदकांतल्या पहिल्यावर बोट ठेवून तो हळूच म्हणाला, "बाबा, हे कुठलं?"

घरात हा प्रश्न आजवर कुणीच विचारला नव्हता.

"नदी फुगली होती..." त्यांनी सुरुवात केली, "आणि पलीकडे आपली तीनशे माणसं होती."