खिडकीसमोरचा पिवळा पट्टा

आधी खत आलं, मग तो.

टाचणी खिडकीशी शिलाई मशीनवर बसली होती. मांडीवर कुणा नवरीचा मोतिया रंगाचा रेशमी झगा, तोंडात टाचण्या. थंडी नुकतीच सरलेली, म्हणून खिडकी सताड उघडी. बाहेर काहीतरी खडखडलं आणि मूठभर करडे दाणे खिडकीतून उडत आले, ते थेट रेशमावर!

"अहो!" ती ओरडली. म्हणजे ओरडायचं तिच्या मनात होतं. तोंडातल्या टाचण्यांमुळे नुसतंच "ह्हो!" बाहेर पडलं.

खडखड थांबली. खिडकीत एक उन्हाने रापलेला चेहरा उगवला.

"बाप रे... सॉरी हं. खत उडवायच्या गाडीची चकती जरा जोरात फिरली. घाबरू नका, खत आहे नुसतं."

तिने एकेक टाचणी काढून उशीत खोचली. सावकाश. समोरच्याला घाम फुटेल इतक्या सावकाश. "आणि या झग्याचं काय करू मी आता?"

"काही होत नाही त्याला," तो गंभीरपणे म्हणाला. "फार तर चार बोटं वाढेल."

"वाढला तर बरंच. नवरी उंच आहे."

तो हसला. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडायची. एकाच. टाचणीने ती नीट बघून घेतली आणि मग काहीच न बघितल्यासारखी झगा झटकायला लागली.

टाचणी हे नाव आत्याने ठेवलेलं. तोंडात कायम टाचण्या, आणि त्या काढल्या की बोलणंही तसलंच, म्हणून. लहानपणापासून हिला वाढवलं आत्याने; आता आत्याचे गुडघे रुसले होते, म्हणून ती वरच्या खोलीत खिडकीपाशी बसून गल्लीवर राज्य करायची. खाली टाचणीचं शिवणकाम, पुढे अंगणात हिरवळ. यंदा गल्लीतल्या सगळ्या घरांनी मिळून या हिरवळींची वर्षभराची देखभाल एका कंपनीकडे दिली होती. थंडी सरताना खत, मग तणाचा बंदोबस्त, भर उन्हाळ्यात किडी, हवा दमट झाली की रोगावर औषध. दर फेरीला थोडं खत असायचंच. या सगळ्यासाठी कंपनीने जो माणूस धाडला, त्याला गल्ली गवतवाला म्हणायला लागली.

टाचणी काही म्हणायची नाही. फक्त त्याच्या फेरीच्या दिवशी खिडकीची काच पुसून ठेवायची. काच काय, कधीही पुसावीच लागते!

तणाच्या फेरीला तो पाठीवर पंप लावून आला आणि नेमकी भुरभुर सुरू झाली. तो तिच्या दाराशी पायरीवर येऊन उभा राहिला. केसांवर थेंबांची बारीक जाळी.

"थांबावं लागेल," तो म्हणाला. "औषध पानावर वाळायला हवं, नाहीतर सगळं धुऊन जातं."

"मग थांबा की. पायरीला भाडं नाही लावलेलं अजून."

मशीन पुन्हा सुरू झालं. बाहेर थेंब, आत सुई. मधे एक उघडी खिडकी... आणि दोघांपैकी कुणीच एकमेकांकडे बघत नव्हतं, इतकं की ते कुणालाही कळलं असतं.

"एक विचारू?" तो म्हणाला. "शिवताना तुम्ही स्वतःशी काय बोलता?"

"मी? मी कशाला बोलू?"

"ओठ हलतात तुमचे."

"टाचण्या मोजते," ती म्हणाली आणि लाल झाली. तोंडात त्या क्षणी एकही टाचणी नव्हती.

तो पुढे काहीतरी बोलणार होता. नक्की बोलणार होता. तिने त्याचा श्वास आत गेलेला ऐकला. आणि तेवढ्यात शेजारून व्हायोलिन सुरू झालं.

शेजारी एक व्हायोलिनवाली राहायची. लांब मान, लांब बोटं, डोक्यावर गवताची रुंद टोपी, आणि बोलणंसुद्धा असं की जणू पियानो साथीला आहे. गवतवाल्याने मान कलती केली.

"काय सुंदर वाजवतात, नाही?"

"हो ना," टाचणी म्हणाली आणि मशीनवर पाय असा दाबला की सुईच मोडली.

भुरभुर थांबली. तो गेला. व्हायोलिन मात्र वाजतच राहिलं, मेलं!

दमट हवा सुरू झाली आणि व्हायोलिनवालीच्या हिरवळीत तपकिरी चकत्या उमटल्या. बुरशी. मग काय विचारता? गवतवाला आठवड्याच्या आठवड्याला तिथे. टाचणीकडे मात्र ठरलेली फेरी, ठरलेलं काम, "येतो हं" आणि गेला. शहाण्यासुरत्या मुलींना दुसऱ्यांच्या दागिन्यांचा हेवा वाटतो, कपड्यांचा वाटतो. आमची टाचणी बुरशीवर जळत होती! आपल्या हिरवळीत एखादी तरी चकती सापडते का, म्हणून सकाळी चहाचा कप घेऊन ती अख्खं अंगण धुंडाळायची. काही नाही. ठणठणीत गवत, नको तेव्हा निरोगी.

एक दिवस तिने पडद्याआडून बघितलं. तो गवतावर गुडघे टेकून बसलेला, हातात भिंग, भिंगाखाली गवताचं एक पातं. आणि त्या भिंगात डोकावायला व्हायोलिनवाली शेजारी टेकलेली. गवताची टोपी त्याच्या कानाला लागत होती. एवढ्याशा भिंगात दोघांनी बघायचं म्हणजे...

त्या दुपारी टाचणीने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

संध्याकाळी उसवत बसली तेव्हा डोळ्यांत पाणी. "मेली सुई बोचली," ती वर आत्याला ओरडून म्हणाली.

"कुठे ग बोचली?" वरून आत्या. "बोटाला, की आणखी कुठे?"

"आत्या!"

हे सगळं एक वेळ तिने गिळलं असतं. पण मग तो पट्टा दिसला. मागच्या फेरीनंतर काही दिवसांनी शेजारची हिरवळ पसरली ती मखमलीसारखी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी हिरवीगार. आणि टाचणीच्या अंगणात, बरोबर मधोमध, एक पिवळट वाकडा पट्टा. गाडीच्या दोन फेऱ्यांमधे जागा सुटली की तिथे खत पडत नाही आणि गवत पिवळं राहतं, हे त्यानेच तिला सांगितलं होतं. म्हणजे शेजारी जीव ओतून काम, आणि इथे नुसती उरकाउरकी! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिच्या हातून आयुष्यात वाकडी टीप पडली नव्हती, तिच्या दारात असली शिवण?

उचलली जीभ, लावली टाळ्याला. तिने कंपनीच्या मालकांना फोन लावला.

"तुमचा माणूस आमच्याकडे लक्ष देत नाही. शेजारी मखमल अन् आमच्याकडे वाकडी शिवण. त्याचं सगळं लक्ष शेजारी असतं."

"असं?" मालक म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. उद्यापासून त्याला नदीपलीकडचा भाग देतो, तुमच्याकडे नवा माणूस येईल. मग तर झालं?"

"झालं," टाचणी म्हणाली. फोन ठेवला. चहा टाकला. चहाला उकळी येईपर्यंत तिला फार बरं वाटलं.

मग तिच्या लक्षात आलं की आता तो येणारच नाही. खळी नाही, खडखड नाही, "येतो हं" नाही. चहा फसफसून ओट्यावर आला. उतू गेलेलं पुसायलाही ती विसरली.

सकाळी आत्याचा चहा घेऊन ती वर गेली. कप ठेवता ठेवता तिची नजर आत्याच्या खिडकीतून खाली गेली, आणि तिथेच खिळली.

खालून पट्टा नुसताच वाकडा दिसायचा. वरून मात्र सगळी शिवण उलगडून दाखवल्यासारखी. फाटकापासून निघालेली त्याची प्रत्येक फेरी दोरी लावल्यासारखी सरळ होती. सरळ, सरळ, सरळ... आणि शिवणकामाच्या खिडकीसमोर आली की घराकडे झुकलेली, पलीकडे बिनखताची जागा सोडून. जणू कुणी मान वळवून चालत होतं, आणि गाडीही बिचारी मानेमागून वळत होती. खिडकी संपली की फेरी पुन्हा सरळ. पिवळा पट्टा होता तो फक्त तिच्या खिडकीपुरता.

तिने शेजारी बघितलं. एक टाका इकडचा तिकडे नव्हता. तिथे तो मान खाली घालून चालला होता, गाडीच्या चाकाकडे बघत.

टीप वाकडी कधी जाते, हे टाचणीला कुणी शिकवायला नको होतं. दोन डाव्या बाह्यांचा कोट अजून खुंटीवर लटकत होता.

"आत्या..." ती खुर्चीत बसलीच. "तुला हे दिसत होतं?"

"मला वरून दुसरं काय दिसतं?" आत्या चहात बिस्कीट बुडवत म्हणाली. "मला वाटलं तुलाही माहीत आहे. काच उगाच का पुसतेस?"

टाचणी धडाधड जिना उतरली. मालकांना फोन. "माझी तक्रार मागे घेते! सगळी!"

"आता कसली मागे घेता," मालक म्हणाले. "काल त्याला बोलावून विचारलं. भांडेल असं वाटलं होतं, तर म्हणाला, तक्रार खरी आहे, तिथे माझं लक्ष नव्हतं. माणसं वाटून झाली बाई. आज तुमचा पट्टा तेवढा भरून देतो म्हणाला, आणि मग जाईल नदीपलीकडे."

फोन तिच्या हातातच होता, आणि बाहेर खडखड सुरू झाली.

ती तशीच धावली. खांद्यावर मोजपट्टी, बोटांना खडू. गवतवाला गाडी घेऊन पट्ट्याच्या टोकाशी उभा होता. आज गालाला खळी नव्हती.

"तक्रार मी केली होती," ती म्हणाली.

"माहीत आहे. गवताला शिवण म्हणणारं दुसरं कोण आहे गल्लीत?" तो गाडीचा दांडा चाचपत म्हणाला. "काम वाईट झालं, ते कबूल. पण लक्ष शेजारी असतं म्हणालात... ते मात्र लागलं."

"मग भिंगात कशाला बघत होता दोघं?"

"बुरशी बघत होतो!"

"डोक्याला डोकं लावून?"

"भिंग केवढंसं असतं!" तो म्हणाला. मग थांबला. हळूच ती खळी उगवली. "तुम्ही... बघत होतात?"

आता सुटका नव्हती. टाचणीने एकदा खडूच्या बोटांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे, आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. "हो, बघत होते. जळत होते. त्या बाईवर, तिच्या टोपीवर, बुरशीवरसुद्धा. रोज सकाळी आमच्याकडे रोग शोधत होते, म्हणजे तुम्ही तरी याल! आणि आज वरून बघितलं तर... शेजारी एकही टाका चुकलेला नाही. मग इथेच का चुकतो हो?"

शेजारी व्हायोलिन सुरू झालं. या वेळी त्याची मान वळली नाही.

"तोंडात टाचण्या धरून तुम्ही स्वतःशी बोलता ना," तो म्हणाला, "ते काय असेल, असं दर फेरीला वाटायचं. म्हणून बघायचो. पहिल्या दिवशी पण बघतच होतो... खत उगाच नाही आत आलं."

"म्हणजे चकती जोरात नव्हती फिरली?"

"चकती अगदी बरोबर फिरत होती. मीच सरळ जायचं सोडून खिडकीशी आलो होतो."

टाचणीला हसू आवरेना, आणि रडूही. दोन्ही एकदम आलं की कसं दिसतं कोण जाणे. पण त्याने ते असं बघितलं की जणू जगात बघण्यासारखं तेवढंच आहे.

"सांग ना मग," तो म्हणाला. "काय बोलतेस?" आणि तू म्हटलं म्हणून स्वतःच दचकला.

"तुझ्याशी भांडते," ती म्हणाली. "कोपऱ्यावर तुझी गाडी दिसली की सुरू होते, ती तू गेल्यावरही चालू असते."

वरच्या खिडकीत खोकल्याचा आवाज झाला. आत्याला खोकला कधीच नव्हता.

टाचणीने पुढे होऊन गाडीचा दांडा धरला. "हा पट्टा मी भरणार. सरळ टीप म्हणजे काय ते तुला दाखवते. तू तिकडे उभा राहा."

"सरळ समोर बघायचं हं," तो म्हणाला आणि फाटकाला टेकून उभा राहिला.

ती खडखडत निघाली. तो खळी घेऊन तिच्याकडे बघत होता, आणि ती...

नदीपलीकडचं काम काही टळलं नाही. टाचणीच्या गल्लीत आता नवा माणूस येतो. मान खाली घालून दोरीसारखा सरळ चालतो, कुणाकडे बघत नाही. गवतवाला काम संपलं की येतो, गाडीशिवाय, रिकाम्या हाताने, आणि खिडकीच्या बाहेर टेकून चहा पितो.

असाच एका संध्याकाळी तो चहा पीत होता. वरून आत्याची हाक आली. "अगं ए, तो पट्टा भरला होतास ना तू? अर्धा अजून पिवळाच आहे! हिरवी रेघ खिडकीसमोर निघते ती थेट फाटकाकडे वळलीय! कोणी शिवलं हे?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिला काही बोलता येईना.

"आत्या, मालकांचा नंबर द्या जरा," गवतवाल्याने वर मान करून सांगितलं. "या वेळची तक्रार माझी आहे."