खूण आणली का?

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू द्या. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या दाराच्या आत मी स्वतः बसले होते, म्हणून सांगते.

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी वैशाखातलं अकोला पाहिलेलं नाही. भर दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

साल १९५७. घरात माझी थोरली मावशी सरोजिनी आणि तिचे यजमान रविकांत वकील, दोघंच.

त्या उन्हाळ्यात एका भामट्यानं जुन्या शहरात उच्छाद मांडला होता. पुरुष कचेरीत गेले की हा दार ठोठावायचा आणि "तुमच्या मालकाले मोटारीनं उडवलं" म्हणून गळा काढायचा. शेजारच्या दुर्गाबाईंनी घाबरून दवाखान्याच्या खर्चाला म्हणून हातातल्या पाटल्या काढून दिल्या. संध्याकाळी मालक पान चघळत घरी!

रविकाका पडले वकील. त्यांनी पक्का बंदोबस्त केला. त्यांच्या कोटाच्या खिशात तपकिरीची चपटी, चांदीची डबी असे. झाकणाला पोचा आलेली.

"माझा निरोप घेऊन कोणी आलं, तर आधी ही डबी माग. उंबऱ्यावरच्या फटीतून आत सरकवायला सांग. डबी नाही, तर दार नाही."

"आणि तुम्हीच आलात तर?" मावशीनं हसून विचारलं.

"मलाही माग. आवाजाची नक्कल करणारे काय कमी आहेत?"

मग तो दोघांचा खेळच झाला. संध्याकाळी ते कडी वाजवायचे, ती आतून विचारायची, "खूण आणली का?" आणि डबी सर्रकन आत यायची.

त्या गुरुवारी ते खटल्यासाठी सकाळच्या मोटारीनं बाळापूरला गेले.

दुपारी एकला...

कडी वाजली.

"बाईसाहेब, दार उघडा! वकीलसाहेब पडले बाळापुरात. ऊन लागलं त्याहिले. तुमाले बलावून राहिले!"

मावशीचा हात कडीकडे गेला... आणि थांबला.

"कोण तुम्ही?"

"मी शेषराव, बाळापूरचा. मीच दवाखान्यात नेलं त्याहिले. दोनची मोटार हाय, चाला लवकर."

"खूण आणली का?"

"कायची खूण?"

"डबी. त्यांच्या खिशातली."

"मले कोणी डबी-गिबी सांगतली नाई, बाई. ते तं धड बोलूनही नाई राहिले. नुसतं सरू, सरू करून राहिले."

सरू. हे नाव फक्त घरातलं...

पण दुर्गाबाईंच्या दारातला तोही असाच रडला होता. त्यालाही घरातली सगळी नावं पाठ होती.

"माणूस मरून राहिला अन् तुमी डबी काहून मांगता?"

मावशी दाराला पाठ लावून खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. पण कडी काढली नाही.

तो बराच वेळ ओट्यावर बसून होता. मग उठला.

"बरं बाई. आणतो तुमची डबी."

पावलं दूर गेली.

चारच्या सुमाराला कडी पुन्हा वाजली. एकदाच. या वेळी पावलं ऐकू आली नव्हती...

"शेषराव?"

तिनं दाराला कान लावला.

"खूण आणली का?"

सर्रकन डबी आत आली.

तीच. तोच पोचा. बाहेर आग ओकणारं ऊन, आणि डबी माठाच्या बुडासारखी गार.

तिनं धाडकन दार उघडलं.

गल्लीत कोणीच नव्हतं.

डबी पदराच्या गाठीत बांधून, दुर्गाबाईंना सोबत घेऊन ती पाचच्या मोटारीनं बाळापूरला पोचली. दवाखान्याच्या पायरीवर एक माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

"शेषराव तुम्हीच ना? डबी मिळाली मला."

तो दचकून उभा राहिला.

"कशी मिळन, बाई? मी तीनलेच वापस आलो. कंपाउंडरले डबी मांगतली, तं त्यानं मलेच चोर समजलं. सामान घरच्यायलेच देऊ म्हणे. अन् चारले साहेब..."

डबी काकांच्या कोटातच होती. कंपाउंडरनं ती मावशीच्या हातावर ठेवली.

तिनं पदराची गाठ सोडली. गाठ घट्ट होती.

आत काही नव्हतं. फक्त तपकिरीचा वास...

दोनच्या मोटारीनं निघाली असती, तर काकांच्या उशाशी तिला अख्खा तास मिळाला असता.

१९६५ च्या वैशाखात मी तिच्याकडे राहायला गेले. दुपारी चारला कडी वाजली. मी उठणार, तोच मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"सरू..."

काकांचा आवाज. मी तो ओळखते.

मावशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"खूण आणली का?" तिनं विचारलं.

बाहेरून उंबऱ्यावर बोटं फिरू लागली. फटीतून काहीतरी आत सरकवत असल्यासारखी. पुन्हा... आणि पुन्हा...

आत काहीच आलं नाही. येणार कुठून? डबी तर मावशीच्या कपाटात होती.

"मावशी, उघडू का गं?"

"नको. त्यांनीच सांगितलंय."

मावशी आता नाही. जाताना ती डबी मला देऊन गेली. दर वैशाखात वाटतं, दुपारी ती दाराबाहेर ठेवावी, बिचाऱ्यांची सुटका होईल.

पण ठेवली, तर ती सर्रकन आत येईल...

आणि मग मला दार उघडावं लागेल.