पितळी भोवऱ्याची किल्ली

लाइट गेलेले होते आणि अंगणात मोबाइलचे दोन उजेड जमिनीवरून सरपटत होते. स्कूटरची किल्ली हरवली होती. पुतण्या गुडघ्यावर बसून गवत चाचपत होता, आणि भाची त्याच्या शर्टाचं टोक धरून उजेड भलतीकडेच पाडत होती.

"पुरे करा," ओट्यावरून मोठेकाका म्हणाले. "सकाळी सापडेल. या वर."

"किल्लीच आहे काका, साप नाही," पुतण्या म्हणाला.

"साप परवडला. तो आपण होऊन निघून तरी जातो."

भाची तेवढ्यावरच पायरी चढून काकांच्या खुर्चीला खेटून बसली. पुतण्या हसला, पण आला. काका म्हणाले, "टिटवी असता तर चहा निवायच्या आत काढून दिली असती."

"कोण टिटवी?"

"होता एक. माझ्या दुकानात येऊन बसायचा." काकांचं हार्डवेअरचं दुकान, खिळे, बिजागऱ्या, कुलपं, त्यामुळे तिथे गावातलं कुणीही येऊन बसायचं. "आता सांगतो ते त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला तर उठून गेला. चहासुद्धा अर्धा टाकून."

आणि काकांनी सांगायला घेतलं.

टिटवी दिवसा जळालेल्या मोटारींना नवी तार भरायचा. संध्याकाळ झाली की खांद्यावर मेटल डिटेक्टर टाकून निघायचा. त्या यंत्राच्या टीं-टीं वरूनच गावानं त्याचं हे नाव पाडलं होतं, आणि त्याला ते आवडायचं. कुणाची अंगठी वाळूत गेलेली असायची, कुणाची कपाटाची किल्ली उकिरड्यात. एका नवऱ्या मुलाच्या अंगठीसाठी त्यानं अख्खं खेळाचं मैदान पालथं घातलं आणि अंगठी निघाली त्याच मुलाच्या बुटात. "तुझ्या पायाला बोचली नाही?" असं त्यानं विचारलं तर तो म्हणाला, "लग्न झाल्यापासून सगळंच बोचतंय." ही गोष्ट टिटवी वर्षभर सांगत होता.

त्याची कामाची पद्धत ठरलेली होती. आधी अंगावरचं सगळं लोखंड-पितळ काढून ठेवायचं, पट्टासुद्धा. खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि सापडलेली वस्तू तिथल्या तिथे मालकाच्या तळहातावर ठेवायची, रात्रीपुरतीही घरी न्यायची नाही. यात भुताखेताचं काही नव्हतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं, एवढंच.

ज्या वर्षी तलावाचे दरवाजे दुरुस्त करायला सगळं पाणी सोडून दिलं, त्या वर्षी शिवणकाम करणाऱ्या मावशी त्याच्या कारखान्यात आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"भाऊ, तलावात बघाल का जरा?"

"काय पडलंय मावशी?"

"पडलंय की नाही तेच बघायचंय. किल्ली."

टिटवीनं हातातली तार खाली ठेवली. किल्ली म्हटल्यावर त्याला सगळं कळलं, तसं गावात कुणालाही कळलं असतं. मावशींची एकुलती एक मुलगी दवाखान्यात संध्याकाळच्या पाळीला होती. तलावाच्या कडेच्या रस्त्यानं चालत घरी यायची. एका रात्री आली नाही. पोलीस आले, चार जणांना विचारून गेले. पळून गेली म्हणाले लोक. कुणाबरोबर, ते मात्र कुणालाच सांगता येईना. या गोष्टीला कितीतरी वर्षं झाली होती.

"तिच्या बाबांनी लेथवर पितळेचा एवढासा भोवरा करून दिला होता किल्लीला अडकवायला," मावशी बोटाचं पेर दाखवत म्हणाल्या. "ते गेले त्याच वर्षी. किल्ली सोडून कुठे जायची नाही ती."

मग त्या जे बोलल्या, ते टिटवीनं न विचारता.

"त्या दिवशी आमचं वाजलं होतं. रोजचा उशीर, रोज मी जागी. मी म्हटलं, किल्ली आहे ना तुझ्याकडे? मग मला उठवू नकोस. आपलं आपण उघडून ये. आणि मी झोपले. खरंच झोपले हो भाऊ. सकाळपर्यंत."

तेव्हापासून त्यांनी दाराचं कुलूप बदललं नव्हतं. दाराला वाळवी लागली होती, कुलूप गंजलं होतं, मावशींचा सख्खा भाऊ येऊन येऊन कटकट करायचा. मावशी शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब कुलपात सोडायच्या आणि त्याला चहा देऊन वाटेला लावायच्या. मुलगी रात्री-अपरात्री आली तर तिची किल्ली चालायला हवी.

"तलावात सापडली तर ती कुठे आहे ते कळेल," मावशी म्हणाल्या. "नाही सापडली तर किल्ली तिच्याकडे आहे. दोन्हीपैकी एक काहीतरी सांगा मला."

मार्चमधला शनिवार होता. ऊन उतरल्यावर टिटवी तलावात उतरला. मावशी बांधावर बसल्या, मांडीवर रिकामी पिशवी. तळाचा चिखल वाळून फरशीसारखा तडकला होता. टिटवी यंत्राची थाळी जमिनीलगत फिरवत निघाला. बाटल्यांची बुचं, गळ, एक सायकलचं पॅडल. प्रत्येक वेळी मावशी उभ्या राहायच्या, आणि तो मान हलवायचा. मग त्या बसायच्या.

दिवस मावळायला आला तेव्हा तो रस्त्याच्या दगडी भिंतीखाली पोचला. तिथे यंत्र वाजलं. लोखंड घोगरं वाजतं. हा आवाज स्वच्छ होता.

खुरप्याचे चार-पाच घाव घातले आणि भोवरा निघाला. त्याच्यामागे किल्ली, दात्यांमध्ये चिखल घट्ट बसलेला. टिटवी उकिडवा बसला होता, मावशींकडे पाठ करून. आणखी खणायला त्याचा हात गेला नाही. मातीत अजून काय असेल ते त्याला कळलं होतं. मागे मावशी उभ्या राहिल्या असतील हेही कळत होतं.

त्यानं किल्ली मुठीत घेतली. खड्डा बुजवला. वर आला.

"बुचं आहेत मावशी. गळ आहेत. किल्ली नाही."

"नीट बघितलंत?"

"नीट बघितलं."

त्याला वाटलं होतं, बाईच्या चेहऱ्यावर जरा तरी उजेड येईल. तेवढ्यासाठीच तर तो खोटं बोलला होता. पण मावशींनी पिशवीची घडी घातली, "बरं" म्हणाल्या आणि चालू लागल्या.

किल्ली घरी आली. टिटवीनं ती स्क्रूच्या डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं.

"हाताला कसला वास येतोय तुमच्या?" बायकोनं विचारलं.

"तलावाचा."

"मग धुवा की."

"धुतले."

रात्री त्याला जाग आली तेव्हा सव्वादोन झाले होते. पंखा चालू होता. बायको झोपलेली. आधी त्याला वाटलं, उंदीर. मग कळलं, दार.

कुणीतरी बाहेरून किल्ली लावत होतं.

धसमुसळेपणानं नाही. हळू. अंधारात भोक चाचपावं तसं. किल्ली लागायची... सरकायची... पुन्हा लागायची. घरातलं कुणी जागं होऊ नये, अशा बेतानं.

"कोण आहे?"

आवाज थांबला.

त्यानं श्वास धरला. पंख्याचा आवाज. बायकोचा श्वास.

...पुन्हा सुरू झाला. आधीपेक्षा हलका.

टिटवी उठला. दाराकडे गेला नाही. डब्याकडे गेला. झाकण तसंच घट्ट होतं. नखानं उचकटलं. आत हात घातला. स्क्रू. नुसते स्क्रू.

मग त्यानं दिवा लावला आणि दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. गल्ली रिकामी. कुलपाच्या भोकात ती किल्ली अर्धी अडकलेली होती, आणि तिच्याखाली पितळी भोवरा झुलत होता. नुकताच कुणीतरी हात काढून घेतल्यासारखा.

"मग?" भाचीनं विचारलं. तिनं दोन्ही पाय वर घेतले होते.

"मग काय. उजाडेपर्यंत बसला किल्ली हातात धरून. त्याला एवढंच कळलं, की जिथे किल्ली तिथे ती येणार. आणि किल्ली भलत्याच घरात होती. सकाळी तडक मावशींकडे निघाला, खरं काय ते सांगून टाकायला."

मावशींच्या गल्लीत शिरतानाच ड्रिलचा आवाज आला. तो धावला. पण तो पोचेपर्यंत कुलूपवाला हत्यारं आवरत होता. दाराला नवं कुलूप बसलं होतं, पितळी तोंडाचं, चकचकीत. जुन्याचे तुकडे खाली वर्तमानपत्रावर पडले होते. गंजून इतकं धरलं होतं की फोडूनच काढावं लागलं.

"मावशी, हे काय केलंत?"

मावशी यंत्रावर शिवत होत्या. पाय थांबला नाही.

"तुम्हीच म्हणालात ना, किल्ली नाही तिथे. म्हणजे ती आहे. किल्ली घेऊन आहे कुठेतरी. आणि इतक्या वर्षांत तिला एकदा यावंसं वाटलं नाही." त्यांनी दोरा दातानं तोडला. "मग मी का तेल घालत बसू?"

टिटवीनं खिशातून किल्ली काढून शिवणयंत्राच्या फळीवर ठेवली.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी भोवरा बोटांत फिरवला, एकदा, दोनदा.

"कुठे?"

"रस्त्याच्या भिंतीखाली. मी... कालच मिळाली होती मावशी. मला सांगवेना."

त्या उठल्या. दाराशी गेल्या. किल्ली नव्या कुलपाला लावली. जाईना. उलटी करून लावली. पुन्हा सुलटी. कुलूपवाला मान खाली घालून म्हणाला, "मावशी, ती नाही बसायची आता." तसलं कुलूप पुन्हा मिळालं नाही. मोठ्याकाकांनी स्वतः चार शहरांत फोन केले. बनवणारा कारखानाच कधीचा बंद पडला होता.

दुपारी भिंतीखाली पोलिसांनी खणलं. जे निघालं ते पांढऱ्या कापडात बांधून गाडीत ठेवलं. मावशींनी कापडाला हात लावला, तेवढंच.

संध्याकाळी टिटवीनं त्यांना आदल्या रात्रीचं सांगितलं. त्यांनी अविश्वास दाखवला नाही. "आज ती इथे येईल," म्हणाल्या. "बसाल का माझ्याबरोबर?"

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं.

दार सताड उघडं ठेवलं. वाऱ्यानं लागू नये म्हणून खाली वीट लावली. दिवा चालू ठेवला. किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला टांगली. टिटवी खुर्चीत, मावशी पलंगावर. गल्लीतले दिवे एकेक मालवत गेले.

एक वाजला. दोन वाजले.

टिटवीनं डोळे चोळले. चोळून उघडले.

खिळा रिकामा होता.

...कुलपाशी आवाज झाला.

दार आत उघडलेलं, भिंतीला टेकलेलं. म्हणजे कुलूप खोलीतच होतं. हात लांबवला असता तर लागलं असतं. तिथे काही दिसत नव्हतं. नुसता आवाज. किल्ली लागत होती. सरकत होती. लागत होती.

"ये गं," मावशी म्हणाल्या. "दार उघडंच आहे."

थांबला.

"मी रागावले नाही. ये ना आत."

...सुरू झाला. हळू.

"अगं, मी जागीच आहे. तुझीच वाट बघतेय..."

त्याबरोबर आवाज आणखी हलका झाला. आणखी जपून. एवढा, की कान दिल्याशिवाय ऐकू येईना. आई जागी झाली, या धास्तीनं.

मावशींनी तोंडावर हात ठेवला. तेव्हा त्यांना कळलं. टिटवीलाही कळलं. आईनं शेवटचं जे सांगितलं होतं, ते ती ऐकत होती. मला उठवू नकोस. आपलं आपण उघडून ये.

मावशींनी दिवा मालवला. पलंगावर आडव्या झाल्या. भिंतीकडे तोंड केलं, चादर खांद्यावर ओढली आणि झोपलेल्या माणसासारखा लांब, संथ श्वास घ्यायला लागल्या.

पण कुलूप नवं होतं.

उजाडेपर्यंत टिटवी ते ऐकत राहिला. एका बाजूला तो आवाज. एका बाजूला तो खोटा श्वास.

सकाळी किल्ली खिळ्यावर होती.

काका थांबले.

"टिटवीनं यंत्र पुन्हा उचललं नाही," ते म्हणाले. "मावशी त्यानंतर रोज रात्री दार उघडं ठेवून झोपायच्या. झोपायच्या म्हणजे... पडून राहायच्या. शेवटपर्यंत. त्या गेल्या तेव्हा घर पाडलं. किल्ली कुणालाच मिळाली नाही. कुलूप मोडीत जाणार होतं, ते मी ठेवून घेतलं."

"कुठंय?" पुतण्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

काका आत गेले. कपाटाची कडी वाजली. जुन्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले आणि फडकं मांडीवर उलगडलं. पुतण्यानं मोबाइलचा उजेड धरला.

पितळी तोंडाचं कुलूप. भोकाभोवती बारीक ओरखडे, शेकड्यांनी, एकावर एक. भोकाची कड झिजून गोल झाली होती.

"पितळेवरचा ओरखडा जुना झाला की काळा पडतो," काका म्हणाले. "हे बघा, हे सगळे काळे पडलेत."

भाचीनं घाबरत मान पुढे केली. मग तिनं काकांचा हात धरला, आणि सोडला नाही.

"मामा... हा नाही पडला."

काळ्या रेघांच्या मधोमध एक रेघ सोन्यासारखी चकाकत होती.

काकांनी कुलूप उचललं. फडक्याच्या घडीत, ते ठेवलं होतं तिथे, पितळेची चिमूटभर ताजी पूड पडलेली होती.