गाभ्याच्या अलीकडे

"जपून! पाय माझ्या डोक्यावर पडेल."

आवाज जमिनीतून आला आणि मी किंचाळलेच. विज्ञान केंद्रातला माझा पहिला दिवस. 'पृथ्वीच्या पोटात' नावाच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं, तर तळाची एक फळी उघडी आणि तिच्यातून ग्रीसने माखलेला एक चेहरा वर आलेला.

"किती खोल आहात?" मी विचारलं.

"ते तुम्ही सांगायचं. गाईड तुम्ही. मी मेकॅनिक, नुसता हलवणार."

खरं म्हणजे ती लिफ्ट खाली जातच नाही. तो मागच्या खोलीत कॅमेऱ्यातून बघत तिला गदागदा हलवतो, गरम हवा सोडतो, पडद्यावर खडक सरकवतो... आणि मी मुलांना पृथ्वीच्या केंद्रापर्यंत नेऊन आणते. त्याचा आवाज येतो फक्त माझ्या कानातल्या यंत्रात. तिथेच तर सगळा घोळ झाला!

"हे कवच," मी सांगायची, "सफरचंदाच्या सालीसारखं पातळ."

"आज केस मोकळे?" कानात.

"मग प्रावरण. घट्ट खडक, पण अगदी सावकाश सरकणारा—"

"माझ्यासारखा. महिना झाला, अजून चहापर्यंतच पोचलोय."

"आणि बाह्य गाभा म्हणजे वितळलेलं लोखंड—"

"मीही."

हसू दाबताना माझा जीव जायचा. मुलांना वाटायचं, ताईला लोखंड फारच आवडतं!

मग परीक्षेचा दिवस आला. संचालकबाई स्वतः मुलांबरोबर लिफ्टमध्ये बसणार होत्या. मला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते त्यावर ठरणार होतं. मी त्याला बजावलं, "आज एक शब्द नाही. शपथ घे."

"घेतली," तो म्हणाला. आणि मेल्याने पाळली!

कवच झालं. प्रावरण झालं. बाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या आणि कानात... काहीच नाही. मला माझंच बोलणं परकं वाटायला लागलं. पडदा लालभडक झाला आणि माझं डोकं कोरं. पुढे काय असतं? काही म्हणजे काही आठवेना.

"बोल ना रे काहीतरी!" मी म्हणाले — चक्क माईकमध्ये.

मुलं खिदळली. बाईंच्या भुवया वर गेल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"मी आहे," तो हळूच म्हणाला. "इथेच आहे."

बस्स, जीभ सुटली! वितळलेलं लोखंड, त्याच्या आत एक घट्ट गोळा, सूर्याच्या पृष्ठभागाइतका तापलेला, तरी न वितळणारा... कारण चहूबाजूंनी प्रचंड दाब! मुलं डोळे विस्फारून ऐकत होती आणि मला थांबवत नव्हतं.

बाहेर पडताना बाई म्हणाल्या, "शेवट छान रंगवलास. आजपासून कायम. आणि मागच्या खोलीतल्या गृहस्थांना सांग, गप्पा कामानंतर."

मी धावतच सुटले. तो डोकं धरून बसला होता.

"माझ्यामुळे गेली ना नोकरी?"

"पक्की झाली, वेड्या!"

तो टुणकन उठला. मग एकदम अडखळला. "आणि ते... 'बोल ना रे'...?"

"तू बोलला नाहीस तर मला करमत नाही. आवडतोस तू मला. खूप! झालं समाधान?"

त्याने फडक्याला हात पुसले, पुन्हा पुसले आणि माझा हात धरला.

"मला तर कधीचं सांगायचं होतं," तो म्हणाला. "हिंमतच होत नव्हती."

बाहेर पुढच्या खेपेची मुलं दारावर थापा मारत होती. "ताई, खाली कधी जायचं?"

"येतोय!" आम्ही दोघं एकदम ओरडलो, आणि हात मात्र कुणीच सोडला नाही.