सुकं तेल

“हात दाखव! दोन्ही!” जिन्याच्या वळणावर पक्कडने धाकट्या भावाची मानगूट धरली. “काळे कशाने झाले?”

“मी काही नाही केलं!” शेपूट किंचाळला. ताई जाईल तिथे हा मागे, म्हणून शेपूट. “लिफ्टच्या कुलपाला नुसतं बोट लावलं.”

“आणि गाल?”

“गालाला खाज सुटली होती!”

शेजारचा ढापण्या दोन पायऱ्या मागे धापा टाकत होता. त्याच्या चष्म्याच्या काचा एवढ्या जाड, की त्याला उद्याचंसुद्धा आजच दिसतं असं सगळे म्हणायचे. त्याने शेपटाचं बोट नाकाशी नेलं. “ग्रीस नाही. वासच नाही. पेन्सिलीसारखं चकाकतंय.”

“सुट्टी लागली त्याच दिवशी ह्याने सगळ्या पेन्सिली माळ्यावर भिरकावल्यात,” पक्कड म्हणाली. एरवी असं बोलून ती स्वतःच खिदळली असती. एकदा धरलं की न सोडणारी, म्हणून तिचं नाव पक्कड. पण आठ दिवस झाले, हसू काही तिच्या पकडीत येत नव्हतं.

आठ दिवसांपूर्वी ह्याच चौथ्या मजल्यावर दार उघडं असताना लिफ्ट वर निघाली. शिवणकाम करणाऱ्या आजी कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर पडत होत्या. एक पाय आत, एक बाहेर. आदळल्या. मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, आता मशीनवर बसणं कठीणच. आणि त्याच सकाळी ती लिफ्ट तपासून गेले होते पक्कडचे बाबा!

प्रत्येक दाराच्या कुलपाला लागूनच एका डबीत छोटा स्विच असतो. दार लागलं की त्याच्या दोन पट्ट्या एकमेकींना टेकतात, वीज पुढे जाते, आणि मगच लिफ्ट हलते. दार उघडलं की वीज तुटते.

“मी काहीतरी विसरलो असेन,” बाबा पहिल्या दिवशी म्हणाले. तिसऱ्या दिवशी त्यातलं ‘असेन’ गळून पडलं. लिफ्टची नुसती कुरकुर ऐकून तिला सर्दी झालीय की खोकला हे सांगणारे बाबा! पक्कड म्हणाली, “बाबा, तुम्ही नाही विसरणार,” तर ते तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आज चार वाजता सरकारी तपासनीसबाई येणार होत्या. बाबा कबुलीवर सही करणार, आणि त्यांचा लिफ्ट-मेकॅनिकचा परवाना कायमचा जाणार. माणूस स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर स्विचची डबी उघडून बघायची तसदी कोणी घेतलीच नव्हती.

“सव्वातीन,” ढापण्या म्हणाला. “चला, केअरटेकरकाकांकडे!”

तळमजल्यावरच्या खोलीत काका झाडू बांधत बसले होते.

“काका, लिफ्टच्या कुलपात तेल घातलंत का?”

“छे गं! तेलाला धूळ चिकटते, मॅनेजरसाहेब ओरडतात. मी आपलं सुकं तेल मारतो.”

“सुकं तेल?” तिघेही एकदम ओरडले.

काकांनी फळीवरून लांब तोंडाची डबी काढली आणि दाबली. फुस्स! काळी पूड उडाली. “ह्या इमारतीत सगळे ह्याला सुकं तेलच म्हणतात. त्या दिवशी दुपारी चौथ्याचं दार अडकत होतं. साहेब म्हणाले, मेकॅनिक सकाळीच येऊन गेलाय, आता कशाला बोलवता, तुम्हीच बघा. मग मारले चांगले आठ-दहा फुसकारे. आजींना दार ओढताना त्रास नको म्हणून, बाळा.”

“आणि हे कुणाला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की! साहेब म्हणाले, तेलातून वीज जात नाही, ते सोडा.”

ढापण्याने डबी चष्म्याला चिकटवून वाचली. “ग्रॅफाइट! पक्कड, हे तेल नाहीच! हा कार्बन आहे!”

“तेलात काय गूळ असतो? तेलातही कार्बनच, तूच सांगितलं होतंस.”

“अगं, पण हात कुणी धरलेत ते बघ ना! कार्बनच्या अणूला समज चार हात. तेलात चारही हात गुंतलेले, काही दुसऱ्या कार्बनच्या हातात, काही हायड्रोजनच्या. हिऱ्यात चार हातांना चार कार्बन. हलायची सोय नाही, म्हणून तो इतका कडक. ह्या पुडीत मात्र एकेक कार्बन तीनच शेजाऱ्यांना धरून बसतो. अशी चादर होते. चादरीवर चादर नुसती ठेवलेली, म्हणून ती घसरते...”

“म्हणून कुलूप सुरळीत!”

“हो! आणि चौथा हात मोकळा. तो वीज पुढे सरकवतो. ह्याने त्याला दिली, त्याने पुढच्याला!”

“म्हणजे दार उघडं असून पट्ट्यांच्या मध्ये पुडीचा पूल,” पक्कड हळूच म्हणाली.

काकांच्या टॉर्चचा सेल, बल्ब, दोन वायरी. बशीत पूड ओतली. पक्कडने वायरींची टोकं पुडीत खुपसली.

बल्ब पेटला नाही.

पुन्हा. नाही. वायरी बदलल्या. नाही!

पावणेचार झाले होते. पक्कड झाडूंच्या ढिगावर मटकन बसली. “बाबाच विसरले असतील,” ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून हे बाहेर पडलं म्हणून तिला रडूच फुटलं. ढापण्या उगाच चष्मा पुसत राहिला.

शेपटाला मात्र रडण्यापेक्षा चिखल आवडायचा. त्याने बशीत वायरींभोवतीची पूड अंगठ्याने दाबून दाबून तिची वडी केली.

बल्ब पेटला!

“सैल होती!” ढापण्या नाचलाच. “कणाला कण टेकत नव्हता! दार आपटून आपटून आतली पूड अशीच दाबली गेली असणार! शेपटा, तू महान आहेस!”

“मग थोर माणसांच्या पुस्तकात घाल मला!” शेपूट म्हणाला.

तिघे बशी, सेल, बल्ब आणि काकांकडून मागून घेतलेली तेलाची वाटी घेऊन धावत मॅनेजरांच्या ऑफिसात शिरले. बाबांनी कागदावर नावाचं पहिलं अक्षर काढलं होतं.

“थांबा!”

“बाहेर व्हा!” मॅनेजर गरजले. “आणि ते काळं काय आणलंत?”

“काका म्हणतात सुकं तेल, साहेब. तेच दारात मारलं होतं.”

“मग? तेलातून वीज जात नाही!”

“अगदी बरोबर, साहेब! दाखवू?” पक्कडने वायरी तेलात बुडवल्या. बल्ब पेटला नाही.

“बघा! मी काय म्हणालो?” मॅनेजर तपासनीसबाईंकडे वळून हसले.

“आता सुकं तेल दाखवू?”

“दाखव की!”

पक्कडने वायरी वडीत टोचल्या. बल्ब पेटला, आणि मॅनेजरांचं हसू विझलं.

तपासनीसबाईंनी बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं. मुख्य वीज बंद केली, चौथ्या मजल्यावर गेल्या आणि स्विचची डबी उघडली. आत काळी पूड ठासून भरली होती, ह्या पट्टीपासून त्या पट्टीपर्यंत. वायरी मात्र एकूण एक जागच्या जागी, घट्ट.

“हे काहीही विसरलेले नाहीत,” बाई म्हणाल्या. “आणि न उघडता मी कबुली घ्यायला आले, ही चूक माझी. मुलांनो, आज तुम्ही मला माझं काम शिकवलंत. मॅनेजरसाहेब, आता तुमचा जबाब घेऊ.”

लोकांनी पाठी थोपटल्या. शेपटाला कुणीतरी उचलूनही घेतलं. पण पक्कडला वाटलं होतं तसं काहीच वाटलं नाही. आजींचा पाय काही परत येणार नव्हता. आणि खाली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, केअरटेकरकाका डोकं धरून बसले होते. “मी पाडलं त्यांना,” ते म्हणत होते. “त्रास नको म्हणून गेलो, आणि मीच पाडलं.”

डबी उघडली की सगळं नीट होईल, असं ती धरून बसली होती. त्या डबीतून हे निघालं होतं.

बाबा जिना उतरून आले. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी पक्कडकडे नीट बघितलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग काकांच्या शेजारी पायरीवर बसले.

“अजून सात मजल्यांची दारं आहेत,” बाबा म्हणाले. “कुठे कुठे पूड मारलीय ते तुम्हालाच ठाऊक. उद्या सकाळी नऊला या. मला एकट्याला जमायचं नाही.”